रजिस्टरमधला तक्रारीचा रकाना

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : धावणाऱ्या महिलांच्या शारीरिक अडचणी आणि पहाटे बंद असणारी स्वच्छतागृहे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सोलापुरातल्या आमच्या धावणाऱ्या महिलांच्या गटाचे छायाचित्र ठळकपणे छापून आले, त्याबद्दल आभार. अर्ध मॅरेथॉनची पदके गळ्यात घालून हसणाऱ्या अकरा जणींमध्ये डावीकडून तिसरी मी. बातमीत आम्हाला ‘घरसंसार सांभाळून धावणाऱ्या रणरागिणी’ म्हटले आहे. (घरसंसार सांभाळून धावणाऱ्या पुरुषांना काय म्हणतात, ते अजून माझ्या वाचनात आलेले नाही.) कौतुकाबद्दल तक्रार नाही, परंतु जे छायाचित्रात दिसत नाही तेही आपल्या वाचकांपर्यंत, विशेषतः वाचक भगिनींपर्यंत, पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्या सकाळच्या अकरा जणींपैकी निदान सहा जणींनी आदल्या रात्री नऊनंतर पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता, आणि तेही मुद्दाम. असे का, ते पुढे सांगते.

माझे वय बेचाळीस, काम हिशेब लिहिण्याचे, दिवसाचे आठ तास खुर्चीत. गटात दोन शिक्षिका आहेत, एक परिचारिका आहे, अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवणारी एक आहे, पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एक तेलुगूभाषक अक्का आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एकसष्ट वर्षांच्या एक बाई आहेत आणि बाकीच्या गृहिणी. दीड वर्षापूर्वी जूनमध्ये होम मैदानावर आम्ही सुरुवात केली तेव्हा एक मिनिट पळायचे आणि दोन मिनिटे चालायचे, एवढाच कार्यक्रम होता, आणि त्या एका मिनिटातही माझा दम छातीत मावत नसे. गटातल्या एका शिक्षिकेने दोनशे पानी रजिस्टर आणून त्यात पट्टीने रकाने आखले : तारीख, किलोमीटर, वेळ, तक्रार. ते रजिस्टर तिच्या स्कूटरच्या डिकीत असते, आणि धावून आल्यावर डिकीवरच ठेवून प्रत्येकीने आपली ओळ भरायची, असा नियम ठरला.

त्या रजिस्टरप्रमाणे माझे पहिले पाच किलोमीटर ४७ मिनिटांत झाले, सहा महिन्यांनी दहा किलोमीटर १ तास २७ मिनिटांत, आणि गेल्या महिन्यात २१ किलोमीटर ९७.५ मीटरची अर्ध मॅरेथॉन २ तास ५८ मिनिटांत. वेगाने धावणाऱ्यांना हे आकडे पाहून हसू येईल, याची कल्पना आहे. आता आम्ही चौघी फेब्रुवारीत परगावी पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावण्याच्या तयारीत आहोत आणि आतापर्यंतची सर्वांत लांब धाव सव्वीस किलोमीटरची झाली आहे.

या रजिस्टरची पहिली चाळीस पाने आज पाहिली, तर किलोमीटरचा रकाना भरगच्च आणि तक्रारीच्या रकान्यात ओळीने ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’. मीही ‘ठीक’च लिहीत होते. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असल्यामुळे मी जिना आडवी होऊन, कठडा धरून उतरत होते, तरी ‘ठीक’. चौदा किलोमीटरवरून एका आठवड्यात मी वीसवर उडी मारली होती, आणि दुखते असे लिहिले तर मला थांबवतील, ही भीती. अखेर तीन आठवडे थांबावेच लागले. एका फिजिओथेरपिस्टने मला एका पायावर उभे केले, तेव्हा माझी कंबर दुसऱ्या बाजूला कलंडली. दुखत होता गुडघा, पण दोष नितंबाच्या कमजोर स्नायूंचा होता; दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईचे ते स्नायू जणू झोपलेलेच असतात. तेव्हापासून दूध तापेपर्यंत मी ओट्याजवळ एका पायावर उभी राहते, उतू जायच्या बेताला आले की पाय बदलते. घरच्यांनी आता विचारणे सोडून दिले आहे.

तक्रारीचा रकाना खऱ्या अर्थाने उघडला तो एकसष्ट वर्षांच्या बाईंनी. गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांनी बँकेतल्या वळणदार अक्षरात लिहिले : ‘सहाव्या किलोमीटरनंतर लघवी गळते. म्हणून काळी पँट.’ रजिस्टर हातोहात फिरले. कोणी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात त्याच रकान्यात आणखी चौघींनी लिहिले, ‘मलाही’. त्यात जेमतेम चौतीस वर्षांची एक आई होती, जी पाच वर्षांच्या मुलाबरोबर दोरीवरच्या उड्या मारणेही टाळत होती. आम्ही वर्षभर एकमेकींना किलोमीटर सांगत होतो, बुटांच्या किमती सांगत होतो, आणि पाच जणी एकाच कारणासाठी काळी पँट घालत होत्या हे मात्र एकमेकींना माहीत नव्हते.

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, पाळी जाण्याच्या वयात ते आणखी सैल होतात आणि प्रत्येक पावलाबरोबर वरून भार आला की मूत्राशयाचे दार घट्ट बंद राहत नाही. हे लाजेचे कारण नाही आणि पुष्कळदा व्यायामाने सुधारते. लघवी किंवा वायू रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळायचे, काही क्षण धरायचे, सोडायचे. दर वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. आम्ही तो सिटी बसमध्ये करतो, भाजी निवडताना करतो, आणि लांबलेल्या कंटाळवाण्या सभांमध्ये तर फारच मन लावून करतो. त्या पाचपैकी तिघींना चार महिन्यांत स्पष्ट फरक पडला. एकीला तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे लागले. स्वतः बाई अजून काळी पँटच घालतात, पण आता त्यांच्या ओळीत बारावा किलोमीटर लिहिलेला असतो.

हीच तक्रार घेऊन गटातली एक जण याआधी एका दवाखान्यात गेली होती, तेव्हा तिला ‘या वयात धावता कशाला, पिशवी खाली येईल’ असे ऐकवून परत पाठवण्यात आले. गर्भाची पिशवी आधीच उतरलेली असेल किंवा तसे जड-जड वाटत असेल, तर धावण्याआधी तपासणी करून घेतलीच पाहिजे, हे मान्य. पण सरसकट सगळ्या बायकांना घातलेली ही भीती फार जुनी आहे आणि ती आपल्याच देशापुरती नव्हती. १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये महिलांची आठशे मीटरची शर्यत झाली आणि बायकांना ती झेपत नाही असे ठरवून १९६०पर्यंत ती बंद ठेवली गेली. १९६६ साली बॉबी गिब ही तरुणी बोस्टन मॅरेथॉनमध्ये झुडपाआड लपून मग धावणाऱ्यांत मिसळली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर पहिल्या नावाऐवजी आद्याक्षरे लिहून नोंदणी करून धावली, तेव्हा एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात तिच्या अंगावरचा क्रमांक ओढण्याचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत महिलांना रीतसर प्रवेश १९७२मध्ये मिळाला आणि ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली. आपल्याकडे तर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत डोक्यावर तुळस घेऊन बायका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांना पिशवीची भीती कोणी घातल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. अक्कांची वेळ सतत घसरत होती. आठ किलोमीटरला पहिल्यांदा लागली त्यापेक्षा अकरा मिनिटे जास्त लागू लागली, आणि रकान्यात त्या लिहीत : ‘पाय शिशाचे.’ मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचे पाय आखडणारच, असे आम्ही गृहीत धरले होते. परिचारिकेने आग्रहाने तपासणी करायला लावली, तर हिमोग्लोबिन ८.९ निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२च्या खाली असले की रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आमच्यासारख्या कोणत्याही गटात निम्म्या जणी अशा असू शकतात, आणि त्यात पाळीचा रक्तस्राव, घाम, शिवाय पावलांच्या सततच्या आपटण्याने तळपायाच्या केशवाहिन्यांत फुटणाऱ्या तांबड्या पेशी, हे धावण्याचे खर्च वेगळे. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा, ज्याला फेरिटिन म्हणतात, रिकामा असू शकतो. अशा वेळी बाई सरावाला दोष देते, वयाला देते, आणि शेवटी स्वतःच्या आळसाला देते.

डॉक्टरांनी अक्कांना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणालगतचा चहा बंद करायला सांगितला, कारण चहाने अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. “चहा सोडला तर हात चालत नाहीत,” अक्का म्हणाल्या, आणि हजार विड्यांमागे मजुरी मिळत असेल तेव्हा हात चालणे म्हणजे काय ते मला नव्याने कळले. शेवटी तोडगा निघाला तो असा, की चहा जेवणानंतर तासाभराने प्यायचा, भाकरीबरोबरच्या पालेभाजीवर लिंबू पिळायचे आणि आठवड्यातून तीनदा अळिवाचा लाडू खायचा. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले आणि ती अकरा मिनिटे परत मिळाली. अक्कांनी ती ओळ लाल शाईने लिहिली आहे.

याच्या नेमकी उलट गोष्ट गटातल्या सर्वांत तरुण मुलीची. वजन झपाट्याने उतरले म्हणून सगळे तिचे कौतुक करीत होते. सकाळी धावणे, सोमवार-गुरुवारचे उपवास, रात्री फक्त सूप. तीन महिने पाळी आली नाही तर तिला ती सोयच वाटली. मग नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखू लागले आणि तपासणीत हाडाला बारीक तडा निघाला. खाणे जेवढे आणि खर्च जेवढा यांचा मेळ बसला नाही की शरीर आधी पाळी बंद करते आणि मग हाडांच्या मजबुतीला कात्री लावते. वजन कमी करण्यासाठी धावणाऱ्या भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे, की पाळी लांबली तर तीही तक्रारीच्या रकान्यात लिहा.

आता पाण्याविषयी, ज्यासाठी हे पत्र मुख्यतः आहे. सोलापूरच्या उन्हाची ओळख सोलापूरकरांना करून देण्याचे कारण नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पहाटे साडेपाचलाही हवेत गारवा नसतो. अशा गावात धावणाऱ्याने रात्रीपासून थोडे-थोडे पाणी पीत राहावे, हे उघड आहे. पण पाणी प्यायले की लघवीला लागते, आणि पहाटे पाच ते आठ या वेळेत आमच्या वाटेवर स्त्रीला जाता येईल अशी उघडी जागा नाही. पुरुष झाडाआड जातात. आम्ही पाणी पिणे सोडतो. मग डोके चढते, पायात गोळे येतात, आणि गेल्या वर्षी गटातल्या चौघींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, त्यातल्या एकीला दोनदा. पाळीच्या दिवसांत लांब धाव आली तर ती बहुतेक जणी रद्दच करतात. पोटात दुखणे गोळीने थांबते, पण बदलायला आडोसा गोळीने मिळत नाही.

आमच्या मार्गावरच्या एका स्वच्छतागृहाच्या दारावर स्त्रीचे सुरेख रंगवलेले चित्र आहे आणि त्या चित्राच्या बरोबर कमरेवर कुलूप आहे. एकदा पाळी अचानक आलेली मैत्रीण माझ्याबरोबर होती म्हणून मी तिथल्या माणसाला शोधून उठवले, तर तो शांतपणे म्हणाला, “आठला या, ताई.” त्याच्यावर राग नाही, त्याला तशीच वेळ नेमून दिली असणार. पण पहाटे रस्ता झाडणाऱ्या, भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराकडे निघालेल्या, पहिल्या पाळीला कारखान्यात जाणाऱ्या सगळ्या बायका आठच्या आधीच घराबाहेर असतात. आम्ही हौसेखातर धावतो, त्या पोटासाठी. कुलूप मात्र दोघींनाही एकच.

उलटी चूकही घडते, तीही सांगून ठेवते. एका लांब धावेला स्वच्छतागृहाची सोय होती म्हणून आमच्यातल्या एकीने धास्तीने तीन लिटर साधे पाणी रिचवले. चौथ्या तासाला तिची बोटे सुजली, अंगठी निघेना, मळमळू लागले. हळू धावणाऱ्या, अंगाने लहान स्त्रियांच्या रक्तातले मीठ असे नुसत्या पाण्याने पातळ होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. तेव्हापासून लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, आणि दर आठ किलोमीटरला बाजरीच्या कडक भाकरीचा तुकडा व शेंगाचटणी. परगावच्या शर्यतीत लोक शक्तिवर्धक जेलच्या चकचकीत पुड्या फाडत होते, तेव्हा आम्ही ओढणीच्या टोकातून भाकरी सोडली. ती चघळायला वेळ लागतो एवढाच तिचा दोष.

सध्या गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान पाळणे आणि दुकानांनी भरले आहे. ते तसे भरलेच पाहिजे, सिद्धेश्वरांच्या यात्रेपुढे आमचा सराव तो काय. मात्र त्यामुळे ऐन शेवटच्या टप्प्यात आम्हाला विजापूर रस्त्यावर जावे लागते : सात रस्त्यावरून कंबर तलाव, सैफुल, सोरेगाव आणि परत. उसाचा हंगाम असल्यामुळे अंधारात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या अगदी जवळून जातात, आणि कुत्री आणि ‘काकू, बस चुकली का’ विचारणारे मोटारसायकलस्वार तर बारमाही. त्यांना आता आमच्या बँकेच्या बाई ‘नाही, तुझीच सुटली’ असे उत्तर देतात.

सत्कार-समारंभांविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. महिला दिनाला आम्हाला बोलावतात आणि प्रत्येक भाषणात लता करे यांचे उदाहरण येते. साठी उलटलेल्या या बाई २०१४ साली बारामतीला नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु त्या धावल्या पतीच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून, आणि अनवाणी धावल्या त्या हौसेने नव्हेत. ही गोष्ट सांगून ‘बाईला काहीच लागत नाही’ असा अर्थ काढणाऱ्यांना मला सांगावेसे वाटते की बाईला बूट लागतात, पुरुषांच्या लहान मापाचे नव्हे तर तिच्या पायाचे, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले, नाहीतर नखे काळी पडून गळतात. छाती घट्ट धरणारी अंतर्वस्त्रे लागतात. आणि दार उघडे असलेले स्वच्छतागृह लागते.

ज्यांच्या अखत्यारीत ही स्वच्छतागृहे येतात त्यांना आपल्या दैनिकामार्फत आमची विनंती एवढीच आहे, की होम मैदान ते सोरेगाव या वाटेवरची निदान दोन स्वच्छतागृहे पहाटे पाचला उघडावीत, तिथे पाणी आणि दिवा असावा, आणि गड्ड्याचे पंधरा दिवस कंबर तलावाजवळ एक फिरते स्वच्छतागृह उभे करावे. वारीच्या वाटेवर फिरती शौचालये उभी करण्याचा अनुभव आपल्या जिल्ह्याला चांगलाच आहे. किल्ल्या सांभाळायला माणूस नसेल तर आम्ही अकरा जणी पाळीपाळीने सांभाळू, तसे लेखी द्यायलाही तयार आहोत.

येत्या रविवारी तीस किलोमीटर आहेत. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि या वेळचा दिवस नेमका रविवारच येतो आहे, त्यामुळे चौघींपैकी एकीला पहाटे नळावर थांबावे लागेल. चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली. पाणी भरून झाल्यावर मी साडेसातला एकटी निघेन, म्हणजे परतेपर्यंत आठ वाजून गेलेले असतील आणि ते दार तरी उघडे सापडेल.

कळावे,

आपली नम्र,
होटगी रस्ता परिसरातील एक वाचक,
सोलापूर